वासराने खाल्लेली वही

बिश्केक, ३ एप्रिल २०२३

अताके,

सलाम. हे पत्र मुकाश अकेंच्या गाडीतून येतंय. फोन केला की तुम्ही तो अपाच्या हातात देता आणि मला पलीकडून फक्त तुमचं खोकणं ऐकू येतं. कागद मात्र अपाच्या हातात देऊन सुटता येणार नाही, तिचा चष्मा फेब्रुवारीतच फुटलाय. वाचावं तुम्हालाच लागेल.

वासराची बातमी कळली. कोणी सांगितली ते विचारू नका; अपा तुमची बायको असली तरी माझी आई आहे. ती सांगत होती, मधेमधे हसत होती आणि हसल्याबद्दल स्वतःलाच रागावत होती. ‘तुझे वडील तबेल्याच्या उंबऱ्यावर वंशावळीची वही ठेवून घोडीला पाणी दाखवायला गेले गं. परत येतात तो वासराच्या तोंडातून तुझे पणजोबा लोंबतायत.’ तिलेक म्हणाला म्हणे, आता आपल्या घराण्यात सगळ्यात जाणतं ते वासरूच. तुम्ही तिलेकशी आणि वासराशी दोन दिवस बोलला नाहीत. तुमचा अबोला दोन दिवसांत संपू शकतो हे ऐकून मला माझ्या धाकट्या भावाचा जरा हेवा वाटला.

हसण्यावारी नेतेय असं समजू नका. चाळीस वर्षं तुम्ही गावोगावच्या म्हाताऱ्यांपुढे बसून ती नावं उतरवलीत. ऑगस्टमध्ये तुमची सत्तरी आहे, सगळं गोत जमणार, वंशावळ तुम्हालाच म्हणून दाखवावी लागणार आणि भावकीतले तुर्गान अके पहिल्या रांगेत बसून एकेक नाव बोटांवर मोजणार. अपा म्हणते, वहीची तीनच पानं उरलीत आणि तुम्ही ती उशीखाली ठेवता.

तर ऐका. ती वही माझ्याकडे आहे. कागदाची नव्हे. चार वर्षांपूर्वी तुम्ही मला ती एका हिवाळ्यापुरती दिली होती आणि मी ती संगणकात उतरवली होती, तेकेबायपासून तिलेकपर्यंत चारशे बारा माणसं. नंतर गोताच्या समारंभात जे झालं त्यामुळे तुम्हाला वाटत असेल की ते सगळं फुकट गेलं. फुकट नाही गेलं. फाइल जशीच्या तशी आहे.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्ही पडद्यासमोरच बसला होतात, पण माझ्या बाजूने ते तुम्ही कधी ऐकलंच नाहीत. तुर्गान अके म्हणाले, ‘दाखव पाहू तिलेकच्या सात पिढ्या.’ मी तिलेकचं नाव दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, की ‘सात पिढ्या’ हे काम या माणसाला येत नाही. मग कुलुबेकच्या शाखेतला एक झाला, मग दुसरा. सगळ्यांची तीच गत. शेवटी माझंच नाव कसंतरी वर आलं आणि माझ्या सातही पिढ्या घडाघडा उभ्या राहिल्या: ओमुर्झाक, सादिर, कुलुबेक, चोको, बायतुर, एशिम, तेकेबाय. तुर्गान अके सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ओमुर्झाक, तुझ्या अख्ख्या वंशात एकच पुरुष निघाला आणि तीही बाई.’ लोक हसले. तुम्ही मला म्हणालात, ‘झाकण लाव.’ तुमचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द हेच.

ती चूक होती, अताके. एका खुणेची चूक. कुठली, ते पुढच्या पत्रात नीट सांगेन. आज एवढंच विचारते, की वंशावळ परत उभी करू का? तुमच्या मदतीशिवाय होणार नाही. आणि बदल्यात मला काय हवंय तेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुरकुर नको. ऑगस्टमध्ये मला बोलवा. अपाने बोलवलं तर मी येणार नाही. तुम्ही बोलवा.

तुमची पाचवी,
बुरुल


बिश्केक, १९ एप्रिल

अताके,

उत्तर आलं नाही, कुरुतच्या गोळ्यांची पिशवी आली. मुकाश अके म्हणाले, ‘पिशवी म्हातारीने दिली, पण गाडीपर्यंत म्हाताऱ्याने आणली.’ मी ते होकारात धरलंय. ऑफिसात माझ्याबरोबर काम करणाऱ्या रिनातने एक कुरुत तोंडात टाकलं आणि दिवसभर गप्प बसला, त्याबद्दलही आभार. एरवी तो गप्प बसत नाही.

आता चूक. मला माहितीये, तुम्ही म्हणाल की संगणकाचं मला काय सांगतेस. पण तुम्ही जन्मभर घोड्यांची पैदास सांभाळलेला माणूस, तुम्हाला हे रिनातपेक्षा लवकर कळेल.

कार्यक्रम चालू असतो तोवर त्यातला माणूस जिवंत असतो. त्याला नाव आहे, वर्ष आहे, बाप आहे, मुलं आहेत, आणि वर त्याला कामं येतात. सात पिढ्या सांग म्हटलं की तो बापाला विचारतो, बाप आजोबाला, असं सातदा. पण त्याला साठवायचा किंवा दुसरीकडे पाठवायचा तर वाळवावा लागतो. अपा दही वाळवून कुरुत करते तसा. मग नुसती अक्षरं उरतात, ओळीमागून ओळ. डोंगर ओलांडून न्यायला सोपी, खराब न होणारी. फरक एवढाच की कुरुत पाण्यात कोळलं की त्याला ‘तू दही’ असं कुणी सांगावं लागत नाही. अक्षरांना सांगावं लागतं: तू माणूस, तू वर्ष, तू यादी. नाही सांगितलं तर नाव, वर्ष सगळं परत येतं, पण माणूस येत नाही. दिसायला तिलेक, पण त्याला काही येत नाही. तिलेकच्या बाबतीत हे खरंच आहे असं म्हणू नका, मी आधीच म्हणून घेतलं.

आम्ही ज्या भाषेत लिहितो ती टाइपस्क्रिप्ट लिहिताना फार शिस्तीची. हा माणूस, हा आकडा, एक चुकलं की लगेच हटकते. पण कार्यक्रम पळायला लागला की या सगळ्या पाट्या ती पुसून टाकते. पळत्या कार्यक्रमाला ठाऊकच नसतं कोण कोण आहे. म्हणून आम्ही एकेका खान्याच्या डोक्यावर @ अशी खूण ठेवतो. तिला डेकोरेटर म्हणतात, तुमच्या भाषेत डागणी. पाटी पुसली जाते, डागणी राहते. नदीपलीकडे दोन कळप मिसळले तर डागलेलं शिंगरू तुम्ही ओळखून परत आणता. बिनडागी शिंगरू हे नुसतंच शिंगरू, मग त्याची आई तुमच्याच तबेल्यात का उभी असेना.

मी ‘मुलं’ या खान्यावर डागणी ठेवायला विसरले. मूळपुरुष तेकेबाय तेवढा जिवंत परत आला, त्याच्या खालची सगळी माणसं नुसती अक्षरं. आणि मी कार्यक्रम तपासायला स्वतःला घेतलं होतं. मी आणि माझे सात पूर्वज, आठही जण हाताने नवे उभे केले होते, वाळवलेलेच नव्हते, म्हणून आम्ही चाललो. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार.

काल ती एक डागणी ठेवली. एकच ओळ, अताके. चारशे बारा माणसं उठून उभी राहिली. मी तिलेकचं नाव दाबलं आणि तो सात पिढ्या बोलला. मी खुर्चीत मागे टेकून बसून राहिले, मला फार बरं वाटलं. रिनात म्हणाला, ‘चार वर्षं या एका ओळीसाठी बापाशी बोलली नाहीस?’ मी म्हटलं, ‘मी नाही, ते बोलले नाहीत.’ तो म्हणाला, ‘दोन्हीकडून सारखंच ऐकू येतं.’

आता घोडं पेंड खातंय ते वर्षांपाशी. तुम्ही जुन्या लोकांची वर्षं जनावरांवर लिहिलीत, उंदराचं, बिबट्याचं, मेंढीचं. त्यांना आकड्यात आणायची एक वेगळी डागणी मी बनवलीये, पण दर बारा वर्षांनी तीच मेंढी परत येते. आजोबा सादिर मेंढीच्या वर्षाचे. १९०७ की १९१९? तुमच्याशिवाय हे सांगणारं आता कोणी नाही. वासराला विचारायची माझी हिंमत नाही.

बुरुल


बिश्केक, १४ मे

अताके,

माझंच पत्र परत आलं. मुकाश अकेंनी खिडकीतून हातात दिलं तेव्हा वाटलं, न उघडताच पाठवलंत. मी तिथेच रस्त्याकडेला, सामसाच्या भट्टीच्या धगीत उभं राहून उघडलं. मेंढीच्या ओळीत १९०७ ला पेन्सिलीने गोल, आणि वरच्या बाजूला ‘शिंगरू’ या शब्दातली माझी चूक सुधारलेली. दुसरं काही नाही. चार वर्षांनी वडिलांचं अक्षर आलं आणि ते शुद्धलेखनाचं. मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही खरं सांगते. भट्टीवालीने न विचारता एक सामसा हातात ठेवला.

त्यानंतरची चार पत्रं तुम्ही तशीच परत केलीत. एशिम डुकराच्या वर्षाचा, बायतुरला दोन बायका, चोको नदीत वाहून गेला तो सापाच्या वर्षी. एकदा तर मी विचारलंही नव्हतं ते समासात लिहिलंत, की कुलुबेक डावखुरा होता. माझ्या कार्यक्रमात डावखुऱ्याला खाना नव्हता. केला. मीही डावखुरी आहे आणि शाळेत त्यापायी किती पट्ट्या खाल्ल्या. आधी सांगितलं असतंत तर कुलुबेकचं नाव पुढे केलं असतं.

तुम्ही इतकं खरं लिहिताय आणि मी पहिल्याच पत्रात एक खोटं लिहिलं, ते आता मला खुपायला लागलंय. म्हणून हे पत्र.

मी लिहिलं की माझं नाव ‘कसंतरी वर आलं’. नावं आपोआप वर येत नाहीत. मी दाबलं.

तिसऱ्या माणसावर लाल अक्षरं आली तेव्हा मला कळलं होतं की काय झालंय. त्याच क्षणी झाकण लावता आलं असतं. यंत्र बिघडलं म्हणाले असते तर लोक मटणाकडे वळले असते. तुर्गान अके म्हणाले, ‘अजून एखादा बघ.’ एखादा. आणि मला ठाऊक होतं की त्या अख्ख्या यादीत एकच नाव चालणार आहे. मी तेच दाबलं. तुमची मान खाली जाईल याचा विचार केला नाही असंही म्हणणार नाही. केला आणि दाबलं.

डागणी विसरले ही चूक. नाव दाबलं ती चूक नव्हती. तुम्ही चार वर्षं धरून बसलात की पोरीने मुद्दाम केलं. अर्धं बरोबर होतं तुमचं.

नंतर तंबूच्या दाराशी मी जे बोलले ते मात्र परत घेत नाही. तुमच्या घोड्यांच्या वहीत आधी घोडीचं नाव येतं, मग तिच्या आईचं, मग आजीचं. घोड्याला आईशिवाय वंश नाही असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आणि माणसांच्या वहीत चारशे बारा पुरुष, जणू ते एकमेकांना जन्म देत आले. चार मुलींनंतर पाचवी झाली म्हणून तुम्ही माझं नाव बुरुल, म्हणजे ‘वळ’, ठेवलंत, आता तरी नशीब वळू दे, मुलगा होऊ दे. वळलं. तिलेक झाला. तो वहीत आहे. जिने वळवलं ती नाही.

बोलण्याची रीत चुकली होती, एवढं कबूल. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. माफ करा.

हे पत्र परत पाठवू नका. यात सुधारण्यासारखं काही असेल तर ते मलाच सुधारायला हवं.

बुरुल


बिश्केक, ८ जून

अताके,

तीन आठवडे काही आलं नाही. मी मुकाश अकेंच्या थांब्यावर इतक्यांदा गेले की दुसरे ड्रायव्हर मला विचारायला लागले, ‘ताई, कोणाची वाट बघतेस, गाडीची की ड्रायव्हरची?’ मुकाश अके त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांना हे फार आवडलंय.

मग परवा गठ्ठा आला. तुमच्या जुन्या शर्टात गुंडाळलेला, वर दोरी. चिठ्ठी नाही. आत घोड्यांची वही.

मी अपाला फोन केला. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे ती तिकडे काय काय बोलते ते तुम्हालाही कळू दे. ‘तुझं पत्र वाचलं आणि घोडा घेऊन वरच्या कुरणात गेले गं. दोन दिवस तिथेच. आले ते माळ्यावर चढले. या वयात शिडीवर. मी म्हटलं, उतरा, सत्तरी व्हायची आहे अजून. वही काढली, पुसली आणि म्हणाले, तिला म्हणावं, रकाने कसे आखतात ते यातून बघ. मी म्हटलं, तुम्हीच म्हणा की. तर म्हणाले, माझा आवाज बसलाय. काही बसलाबिसला नाही, अर्धा तास वासरावर ओरडत होते.’

रकाने बघितले. ऑफिसात टेबल मोकळं करून बघितले, रिनातही शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याला कळेना, वाळलेल्या शेणाचा वास येणाऱ्या वहीत एवढं काय आहे. मग तोच म्हणाला, ‘हे तर आपल्यापेक्षा नीट आहे. यात एकही खाना बिनखुणेचा नाही.’ खरंच नाही. रंग, वर्ष, आई, आईची आई, कुठल्या कुरणात जन्मली, कशाला घाबरते. एका घोडीपुढे लिहिलंय, ‘गडगडाटाला घाबरते, पण शिंगरू सोबत असेल तर नाही.’

आणि काही मोजक्या नावांपुढे पेन्सिलीने छोटासा अर्धचंद्र. हा मला लहानपणापासून ठाऊक आहे. शरदात खरेदीदार यायचे, चहा प्यायचे, एखादी घोडी मागायचे. तुम्ही वही उघडून अर्धचंद्रावर बोट ठेवायचात आणि म्हणायचात, ‘ही नाही.’ ते भाव वाढवायचे. तुम्ही बोट हलवायचा नाहीत. ज्या घोडीशिवाय कळप कळप राहणार नाही तिला तो अर्धचंद्र, आणि तो एकदा काढला की तुम्ही कधी खोडला नाहीत.

तुमच्या रकान्यांवरून मी साचा नव्याने लिहिलाय. एक पेच होता, तोही सुटला. बाप मुलांकडे बोट दाखवतो, मुलगा बापाकडे. वाळवायला घेतलं की यंत्र दोघांमध्ये फिरत बसतं आणि शेवटी हात टेकतं. म्हणून ‘बाप’ या खान्यावर ‘बाहेर न्यायचं नाही’ अशी डागणी ठेवली. न्यायची फक्त मुलं. पलीकडे पोचल्यावर प्रत्येक मुलाला त्याचा बाप पुन्हा दाखवायचा. वगळलेला खाना मरत नाही, अताके, आत असतोच. फक्त बाहेरच्या कागदावर येत नाही.

तीच डागणी मी अजून दोन खान्यांवर ठेवलीये. आई आणि मुली.

ते खाने मी केले आहेत, हे लपवत नाही. अपा आहे त्यात, तुमची आई बात्मा आहे, आम्ही पाच जणी आहोत. पण वंशावळ तुमची आहे, सत्तरी तुमची आहे आणि तुर्गान अकेंसमोर तुम्हाला उभं राहायचंय. एकदा तुमच्या कागदावर माझं नाव मी घुसवलं, दुसऱ्यांदा घुसवणार नाही. सोबत छापलेली वंशावळ पाठवते, चाळीस कागद एकाला एक चिकटवून गुंडाळी केलीये. चारशे बारा पुरुष, तुम्ही लिहिले तसे. पेन्सिलीने काय सुधारायचं ते सुधारा.

मला वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू. पण राग नाही, हे माझं मलाच नवल आहे. महिना झाला, संध्याकाळी घरी जाते ती तुमच्या पूर्वजांचा विचार करत जाते, कोण डावखुरा, कोण वाहून गेला. वंशावळीत नसले तरी तिथे माझं जाणंयेणं झालंय.

घोड्यांची वही ठेवून घेऊ का परत पाठवू?

बुरुल


बिश्केक, २ जुलै

अताके,

गुंडाळी आली. मुकाश अके स्वतः ऑफिसपर्यंत घेऊन आले, तीन जिने चढून. ‘म्हाताऱ्याने सांगितलंय, हातातच द्यायची. वाटेत कुठे ठेवली तर बघ म्हणाला. जणू माझ्या गाडीत वासरं बसतात.’

टेबलावर मावेना म्हणून आम्ही ती जमिनीवर पसरली. मी गुडघ्यांवर, रिनात गुडघ्यांवर, मुकाश अके चहाचा कप घेऊन कडेने चालतायत.

वरून सुरुवात केली. तेकेबायच्या शेजारी तुम्ही पेन्सिलीने एक चौकोन काढलाय आणि आत प्रश्नचिन्ह. खाली बारीक अक्षरात: ‘बायको. नाव ठाऊक नाही. पलीकडच्या खोऱ्यातली होती. विचारतो आहे.’ चाळीस वर्षं म्हाताऱ्यांना विचारत फिरलात आणि सत्तराव्या वर्षी पुन्हा विचारतो आहे म्हणता. एशिमच्या शेजारी चौकोन, नाव आहे. बायतुरच्या शेजारी दोन. तुम्हाला त्यांची नावं ठाऊक होती, अताके. सगळी नाही, पण कितीतरी. वहीत नव्हती, पण तुमच्यात होती. बाहेर न्यायचं नाही अशी डागणी माझ्याआधी तुम्हीच ठेवली होती तर.

सादिरशेजारी बात्मा. ‘माझी आई. मी जन्मलो त्या वर्षी बर्फातून एकटी कळप घेऊन उतरली.’ हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. तुमच्याशेजारी अपाचं नाव, कुमुश, आणि पुढे, ‘चष्मा करायचा आहे.’ हे वंशावळीत राहू द्यायचं की खोडायचं ते कळवा. माझं मत राहू द्यावं. आणि चष्मा करा.

तिलेकच्या डोक्यावरची रेघ तुम्ही खोडरबराने पुसून सहा फाटे केलेत. कागद घासून पातळ झालाय. आयनाश, सोनुन, तोतुगुल, काल्या. प्रत्येकीपुढे वर्ष आणि जनावर. मग मी. ‘बुरुल. घोड्याचं वर्ष, १९९०. डावखुरी. कुलुबेकसारखी.’

आणि त्यापुढे अर्धचंद्र.

रिनातने विचारलं, ही खूण कसली, साच्यात घालायला हवी. मुकाश अके खाली वाकले, त्यांचे वडीलही घोड्यांतलेच. त्यांनी अर्धचंद्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ही नाही.’ मग मला म्हणाले, ‘रडू नकोस बये, शाई पसरेल.’ पेन्सिलीची कुठे पसरते शाई.

तुमची पेन्सिलीतली नावं उतरवून घेतली आणि कालच दोन्ही डागण्या काढून टाकल्या. फक्त दोन ओळी पुसायच्या होत्या. मग सगळं वाळवून परत कोळलं आणि एकेकाला हाक मारून बघितली. आता चारशे बारा नाहीत, पाचशे सदतीस आहेत आणि एक प्रश्नचिन्ह. सगळे बोलतात. अपाचं नाव दाबलं तर तीही सात पिढ्या सांगायला बघते, पण तिच्या बापाच्या पुढे आपल्याकडे कोणी लिहिलेलंच नाही. तिला आज फोनवर विचारलं. ती म्हणाली, ‘मला सगळे पाठ आहेत की. कोणी विचारलंच नाही.’ वही घेऊन बसा तिच्यासमोर. नवी वही, आणि वासरू बांधून ठेवा.

तुर्गान अके काय म्हणतील याची मला काळजी नाही असं नाही. काहीतरी म्हणतीलच, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण या वेळी पडद्यावर पहिलं नाव तुम्ही दाबायचं. कोणाचं ते तुम्ही ठरवा, मी मागे उभी राहीन.

ऑगस्टपर्यंत थांबवत नाही. घोड्यांची वही मी स्वतःच परत आणून देते. शुक्रवारची पुढची जागा मुकाश अकेंना सांगून ठेवलीये. फाटकाशी तुम्ही असाल की अपा असेल ठाऊक नाही. तुम्ही असलात आणि बोलायला सुचलं नाही, तर नुसती हाक मारा. नाव तुम्हीच ठेवलंयत. ऐकलं की मी वळते.

बुरुल